अठरा मिनिटं मरणारी बाई

सलोनीच्या शाळेच्या फॉर्मवर सतरावा प्रश्न नसता, तर लीलाबाई गावंडे त्या शनिवारी वारल्या नसत्या.

प्रश्न साधा होता. ‘घरात मूल कोणते संगीत ऐकते?’ साडेतीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन, शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला कागद टेकवून अर्पिता फॉर्म भरत होती. ती प्राणिशास्त्राची एम. एस्सी. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण सतराव्या प्रश्नाशी तिचा पेन अडला. खरं उत्तर लिहायचं तर सकाळी कचऱ्याच्या घंटागाडीचं गाणं, दुपारी शेजारच्या बशीरभाईंचं ‘हॅलो, चेक, चेक’, आणि संध्याकाळी कुकर. हे लिहून कोणाच्या लेकराला चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला आहे?

अर्पिताला दुसऱ्यांच्या कागदात पाहायची सवय होती. ती तिला कॉपी वाटत नसे, काळजी वाटे. कोणाचं मूल कितव्या महिन्यात चाललं, कोणाला दात कधी आले, याची त्यांच्या अख्ख्या वस्तीची, म्हणजे गुलमोहर ले-आउटची, नोंद तिच्या डोक्यात होती. तर पुढच्या बाईंनी सतराव्या प्रश्नापुढे गोलगोल अक्षरात लिहिलं होतं, ‘पियानो’.

अर्पिताने एक श्वास घेतला आणि लिहिलं, ‘ऑपेरा’.

तीन दिवसांपूर्वी सलोनीला वरण-भात भरवताना मोबाइलवर कोणी एक विदेशी बाई सांगत होती की ऑपेरा ऐकणाऱ्या मुलांची बुद्धी तल्लख होते. तेवढ्यात भात सांडला. अर्पिताची ऑपेराशी ओळख ती एवढीच.

“होम व्हिजिट राहीन,” खिडकीतले बाबू शिक्का मारत म्हणाले. “पुढच्या शनिवारी, चार वाजता. मॅडम येऊन पाहतीन, लिहिलं ते खरं हाय का नाई.”

अर्पिता शाम्पूच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचणारी. तिने फॉर्मच्या तळाशी पाहिलं. ‘माहिती खोटी आढळल्यास प्रवेश रद्द.’

रात्रभर तिला झोप नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीशी हजर. “दादा, सतरा नंबर थोडा बदलायचा होता.”

“खोडाखोड चालत नाई. प्रतिज्ञापत्र लागीन.”

“कशाचं?”

“तुमची पोरगी ऑपेरा ऐकत नाई म्हनून. तहसीलच्या बाहेर टायपिंगवाले बसते. दोन साक्षीदार घेऊन जा.”

अर्पिताच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. भर बाजारात टायपिंगवाला मोठ्यांदा वाचतो आहे, ‘मी, अर्पिता नयन गावंडे, वय एकतीस, राहणार लोहारा रोड, शपथेवर लिहून देते की आमचे घरी ऑपेरा नाही...’ आणि मागे साक्षीदार म्हणून सासूबाई उभ्या. त्यापेक्षा ऑपेरा शिकणं सोपं. हाताशी आठ दिवस होते. आठ दिवसांत तिने अख्खा गांडूळ पाठ केला होता.

तिने वही घातली. पहिल्या पानावर ‘श्री’, खाली ‘ऑपेरा: नवशिक्यांसाठी’. नेटवर सांगितलं होतं की आधी गोष्ट वाचा, मग ऐका. तुकड्यातुकड्यात ऐकू नका. भाषेची चिंता करू नका. चिंता करू नका, हा सल्ला अर्पिताला आजवर कोणत्याच बाबतीत जमलेला नव्हता. तरी तिने एक इटालियन ऑपेरा निवडला, गोष्ट लिहून काढली. शेवटी नायिका तापाने फणफणते आणि मरते. मरायला अठरा मिनिटं घेते, आणि तेवढा वेळ गाते. अर्पिताने समासात लिहिलं: ‘एवढ्या तापात एवढा दम? औषध काय देत होते?’

पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने मोबाइलवर ते लावलं, तशा लीलाबाई देवघरातून वातीचा डबा घेऊन बाहेर आल्या. लीलाबाई म्हणजे सासूबाई. वय सहासष्ट, गुडघे दुखरे, कान तीक्ष्ण.

“व माय! कोनाची बाई हाय ते? बाळंतीन हाय काय?”

“आई, ऑपेरा आहे. विदेशी नाटक. यात बोलत नाहीत, सगळं गाऊनच सांगतात.”

“मंग रडून काहून राह्यली?”

“मरते आहे ती.”

“मरून राह्यली अन् गाऊन राह्यली? मरनाऱ्याले पानी मांगाची सुद राहत नाई.” लीलाबाईंनी डब्याचं झाकण दाबून लावलं. “दिवेलागनीले घरात असं रडनं बरं नाई, सूनबाई. मी जातो उद्या फुलसावंगीले, माह्या भावाच्या, भगवानच्या इथं. तुरीले शेंगा आल्या. सोलेभाताले हिरवे सोले घेऊन येतो.”

इथे सुनेने ‘नका जाऊ’ म्हणायची रीत आहे. अर्पिताच्या तोंडून गेलं, “जा, म्हणजे मला शांततेत ऐकता तरी येईल.” लीलाबाईंनी डबा देवघरात नेऊन ठेवला. सकाळी पिशवी भरली आणि एसटीत बसल्या.

शांतता काही लाभली नाही. नवरा नयन एमआयडीसीतल्या तेलाच्या मिलमध्ये सुपरवायझर. घरी आला की दोन मिनिटं ऐकायचा. “अर्पिता, खरं सांग. हे बाई गाऊन राह्यली का पोलिसाले बोलवून राह्यली?” सलोनीच्या कानात इअरफोन घातला की ती तो काढून वरणात बुडवायची. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ती तापलेली नायिका डासासारखी वाजायची. आता डास ऐकवून कोणती मॅडम प्रभावित होणार?

शुक्रवारी बशीरभाई कुंपणावरून डोकावले. लग्नासाठी माईक-स्पीकर भाड्याने देणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. “वहिनी, मोबाइलवर ऐकून राह्यले काय? हे म्हनजे बिर्याणी टाचणीनं वाढल्यावानी झालं. थांबा, मी स्पीकरचा डब्बा लावून देतो. नवरदेव बहिरा असला तरी नाचते ह्याच्यावर.”

डब्बा आला. तो सलोनीपेक्षा उंच होता. सोफा हलवावा लागला, सोफा हलवला म्हणून टीपॉय बाहेर गेला, टीपॉयवरची मनीप्लँटची बाटली फुटली. “आवाजाचं बटन जरा अडकते,” बशीरभाई जाता जाता म्हणाले. “फिरवाले जाऊच नका.”

शनिवारी सकाळी नऊ वाजता नयन कामावर गेला. मिलमध्ये मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, हे लक्षात ठेवा. अर्पिताने चार वाजताच्या पोह्यांसाठी कांदे चिरून ठेवले आणि मग रंगीत तालीम घ्यायची ठरवली. पण लेकराच्या कानाचे पडदे! किती आवाजाने किती नुकसान होतं याचा तक्ता तिने पाहिला होता. तिने सासूबाईंचा वातीचा डबा उघडला, कापसाचे चार बोळे केले, दोन सलोनीच्या कानात, दोन स्वतःच्या. शेवटची अठरा मिनिटं लावली. खिडकीच्या काचा थरथरल्या. बटण अडकलं होतं, ते अडकलेलंच राहिलं. तेव्हा ती लेकीला घेऊन गच्चीवर गेली आणि तिथून, कापसातून, तिला ऑपेरा प्रथमच सुसह्य वाटला. तिने सलोनीला कठड्याच्या जाळीतून कावळा दाखवला आणि स्वतः वाळत घातलेल्या कपड्यांआड सावलीत बसली. अठरा मिनिटं संपली की यंत्र आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, हे तिला माहीत नव्हतं. त्या सकाळी ती बाई सलग तीन वेळा मेली.

पहिल्या मरणाला हिरासिंग राठोडकाका दारात आले. काका म्हणजे शाळांचे निवृत्त केंद्रप्रमुख आणि ‘गुलमोहर परिवार’ या व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन. त्यांनी बेल वाजवली, दार ठोठावलं. उत्तर नाही; आतून नुसता हंबरडा. हाच ऑपेरा दुसऱ्या कोणी ऐकला असता तर टीव्ही समजून निघून गेला असता. पण रडण्याच्या बाबतीत काकांना अधिकार होता.

“आमच्या तांड्यात नवरी सासरी जाताना ढावलो म्हनते,” त्यांनी जमलेल्यांना समजावून सांगितलं. “तेही रडनंच. पन त्यात भाऊ येते, माय येते, अंगन येते. अर्धी तं भांडनच असते. हे तसं नाई. हे सरळ मातीचं रडनं हाय. शब्दसुद्धा फुटून नाई राह्यले बिचारीले.”

मग गेलं कोण? काकांनी केंद्रप्रमुखाच्या शिस्तीने विचार केला. नयन सकाळी मोटरसायकलवर गेला, सगळ्यांनी पाहिला. लेकरू गच्चीच्या जाळीतून कावळा पाहून राह्यलं; सून दिसत नाई, म्हणजे आत रडून राह्यली ते तीच. उरल्या लीलाबाई. वय झालेलं, बीपीची गोळी चालू, आणि गावाला गेलेल्या. गावाहून फोन आला असणार. काकांनी ग्रुपवर हात जोडलेली दोन चित्रं आणि एक पणती टाकली.

दुसरं मरण संपेपर्यंत चाळीस जण जमले. तिसऱ्याच्या अखेरीस, बाईचा आवाज अगदी बारीक झाला असताना, अर्पिता खाली आली. कांद्याने डोळे लाल, कानात कापूस. तिने दार उघडलं तर समोर अख्खा ले-आउट उभा. समोरच्या काकूंनी तिला छातीशी धरलं. त्या काहीतरी बोलत होत्या. अर्पिताने कापूस काढला.

“...सोन्यासारखी सासू होती व! लीलाबाई गेल्या, पन तू धीर सोडू नको.”

अर्पिता उंबरठ्यावर बसली. ‘बातमी कोणी सांगितली?’ असं विचारायचं तिला सुचलं नाही. तिला वाटलं, फुलसावंगीहून यांनाच फोन आला. त्यांना वाटत होतं, तिला आला. नेटवरच्या प्रत्येक बातमीला ‘पुरावा काय?’ विचारणारी एम. एस्सी. बाई, आणि सासूच्या मरणावर चाळीस जणांच्या तोंडाकडे पाहून विश्वास ठेवून बसली.

ती रडली. अगदी खरं रडली. ‘जा, म्हणजे मला शांततेत ऐकता तरी येईल.’ हे आपलं शेवटचं वाक्य! आणि रडता रडता, लिहायला लाज वाटते, पण तिच्या डोक्याच्या एका कोपऱ्यात चालू होतं, की घरात कोणी गेलं तर होम व्हिजिट पुढे ढकलतात का, आणि त्यालाही प्रतिज्ञापत्र लागतं का.

बशीरभाई बाहेरून परतले ते बातमी ऐकतच; त्यांनी डब्ब्याची वायर उपटली तेव्हा ती इटालियन बाई गप्प झाली. शोकात ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मग त्यांनीच खुर्च्या आणल्या, अंगणात कापडी मंडप लावला. गेटवरून निरोप गेला तसा नयन साहेबांच्या गाडीतून आला, अंगाला तेलाचा वास, डोळे सुजलेले. आईकडे मोबाइल नव्हता; त्याने मामांना, म्हणजे भगवानरावांना, अकरा फोन लावले. प्रत्येक वेळी ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. मामा शेतात असले की जगाच्या बाहेर असतात, हे एरवी सगळ्यांना ठाऊक होतं.

“घरी आनत असतीन,” काका म्हणाले. “गाडी निघाली असन.” अर्ध्या तासात ‘निघाली असन’चं ‘निघाली’ झालं आणि तीन वाजता कोणीतरी खात्रीने सांगितलं, “आर्णीपर्यंत आली.” गंमत अशी, की त्या वेळी लीलाबाई खरोखरच आर्णीला होत्या. एसटी थांबली होती आणि त्या भजे खात होत्या.

चारला दहा कमी असताना बेबीआत्या आल्या. बेबीआत्या म्हणजे लीलाबाईंची नणंद. वय एकाहत्तर, तरी नाव बेबी. नणंद-भावजयीचं गेली चाळीस वर्षं जमलं नव्हतं. नयनच्या लग्नातही दोघी मांडवाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. बेबीआत्या गेटपाशी थांबल्या, पदर तोंडाला लावला आणि हेल काढला.

“व माह्या लीले व... मले टाकून कशी गेली व...”

असं रडायला ताकद लागते. लोकांनी खुर्च्या मागे सरकवून जागा दिली. बेबीआत्या खुर्चीवर बसल्या नाहीत. खाली बसून, डोलत, एकेक आठवण सुरात ओवत गेल्या.

“तुही पुरनपोळी व लीले... तिच्यातून देवघरातला दिवा दिसे व... अन् म्या म्हनो, गूळ कमी हाय व...”

अर्पिताने हुंदका आवरून मान वर केली. शब्द सोडले तर हे तेच होतं. तोच चढ, तीच वरती जाऊन थांबणारी ओळ, तोच मधला दम. आठ दिवस वहीत जे शिरत नव्हतं ते अंगणात बसून तिच्या अंगावर काटा आणत होतं.

आता गेटबाहेरचं जे झालं, ते अर्पिताला नंतर कळलं. बरोबर चार वाजता शाळेच्या कहकशां मॅडम फाइल घेऊन रिक्षातून उतरल्या. मंडप पाहून परत फिरणार, तेवढ्यात दुसरी रिक्षा थांबली. तीतून एक म्हातारी उतरली, डोक्यावर सोल्यांची पिशवी.

“कोन गेलं व बाई?” म्हातारीने विचारलं.

“माहीत नाही हो. मी तर ऑपेरा ऐकायला आले होते.”

तेवढ्यात आतून ‘लीले’ ऐकू आलं. म्हातारीने पिशवी खाली ठेवली, कान दिला आणि मॅडमचं मनगट धरलं. “थांब. माहंच चालू हाय.”

“आजी, मग आत जा ना! लोक रडतायत.”

“जातो ना. आत्ता कुठं पुरनपोळी झाली. पुढचं ऐकू दे.”

आत बेबीआत्यांचा आवाज चढला. “माह्या पहिल्या बाळंतपनात... थंडीचे दिवस व... डिंकाचे लाडू धाडले व लीले... अन् म्या साऱ्या गावात सांगतलं, डिंक कच्चा हाय व... डिंक कच्चा नव्हता व माह्या माय... म्याच खोटी बोललो व...”

“मंग!” गेटमधून आवाज आला. “चाळीस वर्सं झाले, मी काय सांगून राह्यली होती? डिंक कच्चा नव्हता!”

सगळ्यांच्या माना गेटकडे वळल्या. समोरच्या काकू खुर्चीसकट मागे गेल्या. काकांच्या हातून मोबाइल पडला. नयन “आई!” म्हणून धावला आणि मंडपाच्या दोरीत अडकून आईच्या पायाशीच पोहोचला. सलोनी तेवढी शांत होती. तिने विचारलं, “आजी, सोले आणले?”

बेबीआत्यांचा सूर मधेच तुटला होता. लीलाबाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. “थांबली काहून? माह्या वांग्याच्या भाजीचं राह्यलं ना.”

पुढचा पाऊण तास ‘तुम्हाला कोणी सांगितलं?’ या एका प्रश्नाचा होता. तो प्रश्न सगळ्या मंडपातून फिरत फिरत शेवटी अर्पितापाशी आला, आणि तिथून पुढे जायला त्याला जागा नव्हती. समोर चाळीस शेजारी, मेलेली-जिवंत सासू, आणि फाइल उघडलेल्या मॅडम. अर्पिताने वातीच्या डब्यासकट सगळं सांगितलं.

“आणि मॅडम, सतराव्या प्रश्नाचं उत्तर खोटं आहे,” ती खाली मान घालून म्हणाली. “पुढच्या बाईंनी पियानो लिहिलं, म्हणून मी लिहिलं. आमच्याकडे घंटागाडीच असते. खोडायचं असेल तर खोडा.”

काकांना ते पटेना. आपल्यासारख्या जाणकाराची फसगत होईल असं रडणं जगात असेल, तर ते तपासलंच पाहिजे. “लावा बापा ते परत. पाहू तं.”

बशीरभाईंनी वायर खोचली, पेचकसाने बटण सोडवलं. शोकाच्या खुर्च्यांवर बसून सगळ्या गुलमोहर ले-आउटने अठरा मिनिटं ऑपेरा ऐकला. बेबीआत्या डोळे मिटून ऐकत होत्या. “हेल चांगला हाय बाईचा,” त्या म्हणाल्या. “दम बी हाय. पन कोनाचं नाव नाई घेऊन राह्यली.” लीलाबाईंचं मत पडलं की तिचा नवरा उशिरा आला असावा. पाच-सहा जणांनी डोळे पुसले. दिवसभराच्या सरावाने असेल.

संपल्यावर कहकशां मॅडमनी सलोनीला जवळ घेतलं. “बेटा, ऑपेरा म्हणजे काय?”

अर्पिता लेकीला डोळ्यांनी खुणावू लागली. याची तालीम झालेली नव्हती.

सलोनी विचार करून म्हणाली, “बाई मरते. पण आधी सगळं सांगून टाकते.”

मॅडमनी फाइलमध्ये लिहायला सुरुवात केली. मग हळूच अर्पिताकडे वाकल्या. “खरं सांगू? तुमचा फॉर्म आला तेव्हा मोठ्या मॅडमनी स्टाफरूममध्ये विचारलं, ऑपेरा कोणाला समजतो? सगळे दुसरीकडे पाहायला लागले. मी पुसदची, नवीन लागलेली, मला दुसरीकडे पाहायचं सुचलं नाही. आठ दिवस मीसुद्धा मोबाइलवर ऐकतेय. अम्मी विचारते, कोणाचं काय दुखतंय?” त्यांनी कागद फिरवला. सतराव्या प्रश्नापुढे शेरा होता: ‘खरे आहे. शेजाऱ्यांसही ऐकवतात.’

सोलेभात करायचं ठरलं. एवढी माणसं जमली होती, त्यांना उपाशी कसं पाठवणार? लीलाबाई आणि बेबीआत्या अंगणात शेंगा सोलायला बसल्या. मांडवाच्या एकाच टोकाला.

थोड्या वेळाने लीलाबाईंचा हात थांबला. “सूनबाई, एक गोष्ट सांग. आता मी खरंच मेली, अन् तू रडली, तं कोनी येईन काय? लोकं म्हनतीन, चालू हाय तिचा ऑपेरा.”

मंडपातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खरंच होतं ते. काकांनी मोबाइल खिशात घातला. अर्पिता काळज्यांची इतकी सराईत, आणि एवढी मोठी काळजी तिला सुचली नव्हती.

“मी येईन ना,” बेबीआत्या शेंगेतून दाणे काढत म्हणाल्या. “कोनी नाई आलं तरी मी येईन.”

लीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरले असावेत. त्यांनी पदराने नाक पुसलं.

“पन एक सांगून ठेवतो, लीले,” बेबीआत्यांनी सालं बाजूला सारली. “डिंकाचं एकदा झालं. ते पुन्हा नाई म्हननार.”